एक शीट कमी: चैत्रातला पनवेल ते आपटा

पनवेलहून आपट्याला एका दिवसात जाऊन यायचं असेल तर कसं जावं, असं दोघी-तिघींनी विचारलं आहे. मी गेले होते त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. नव्वद साल नुकतंच उलटलं असेल. तेव्हा कामोठ्याला शेतं होती आणि गोव्याच्या रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला बाजूला उतरावं लागे. त्यामुळे या लेखातली गाड्यांची माहिती जुनी समजा. नदीची आणि उन्हाची माहिती अजून चालेल.

जायचं ठरवलं कुमुदने. कुमुद माझी शेजारीण. आमची गॅलरी एकच, मध्ये फक्त एक लाकडी फळी मारलेली. तिने लग्न केलं नाही, त्यामुळे नाटक असो, जत्रा असो, दाताचा डॉक्टर असो, ती आणि आम्ही दोघं असे तिघं मिळूनच जायचो. त्या हिवाळ्यात ती एका ध्यानवर्गाला जाऊ लागली होती. निवृत्त झालेले एक चित्रकलेचे मास्तर तो वर्ग घ्यायचे. शिकवण अशी, की जे करतोय तेच करायचं. भांडी घासताना भांडी घासायची, चालताना चालायचं. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातावर एक शेंगदाणा ठेवला आणि सांगेपर्यंत गिळायचा नाही म्हणाले. कुमुदला त्यातून एवढंच कळलं की शेंगदाणा खवट होता. पण तिला ते आवडलं. एरवी कळलंही नसतं, म्हणाली.

मी सातवीपर्यंत शिकले. बाकीचं वाचन वाचनालयातलं, आणि थोडं वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरचं. त्याच विषयावरचं एक बारकं पुस्तक मलाही मिळालं होतं. त्यात लिहिलं होतं की हा सराव वसंतात सुरू करावा, कारण या दिवसांत झाडंच आपल्याला थांबवतात. आणखी लिहिलं होतं की हात एकीकडे आणि मन दुसरीकडे, असं जगणं हा एक रोग आहे. मला ते पटलं नाही. माझा त्यावरच निभाव लागत होता.

हे आदल्या भाद्रपदात गेले. पोस्टात होते. सकाळी कामावर निघताना मोजे घालायला खाटेवर बसले, ते उठलेच नाहीत. तेव्हापासून हात पोळ्या लाटत होते, हात कपडे वाळत घालत होते, आणि मी तिथे नव्हते. लक्ष दिलं नाही की अर्धा दिवस असाच सरतो, हा माझा अनुभव.

आणि एक गोष्ट होती. हे वारले, असं मी स्वतःच्या तोंडाने कुणालाही सांगितलं नव्हतं. तारा दिरांनी केल्या. गल्लीत गल्लीने सांगितलं. कुणी नवखं माणूस विचारायला आलंच, तर मी “हे ना…” म्हणून थांबायची आणि पुढचा शब्द कुमुद म्हणायची. ते काम तिच्याकडेच होतं.

तर मास्तरांनी घरचा अभ्यास दिला. चैत्रात एक दिवस कुठेतरी जायचं आणि सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत सगळं लक्ष देऊन करायचं, तेही मौनात. कुमुदने मौन घेतलं. मी घेतलं नाही. गाडी कुठे लागते हे विचारायला एक तरी तोंड लागतं.

सकाळी लवकर निघालो. तुम्ही जाल तेव्हाही लवकरच निघा, दहानंतर तिकडचं ऊन डोक्यावर हातोडा मारतं. बरोबर घावन, कैरीची डाळ आणि पन्ह्याची बाटली घेतली होती. डाळ दुपारच्या आत संपवा, आंबते. स्टँडवर आपट्याची गाडी उभी होती, टपावर सामान चढवणं चाललं होतं. खिडकीजवळची दोन बाकं मिळाली. पुढच्यावर कुमुद, तिच्या मागच्यावर मी.

कंडक्टर जवळच्याच कुठल्यातरी गावचा, अंगाने भरलेला, कानावर पेन्सिल. माझ्यापाशी आला तेव्हा मी म्हटलं, “तीन आपटा.”

कुमुदने मागे वळून पाहिलं. डोळे एवढे मोठे. तोंड बंद.

तिसरं कोण, असं त्याने विचारलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर चार-पाच पुरुष विडी ओढत उभे होते. येतात ना, म्हणाला. माझी मान हलली. ती मी हलवली असं म्हणवत नाही. त्याने तीन तिकिटं फाडली. ती हातात आल्यावर मला कळलं की मी काय मागितलं. एक परत द्यावं, असं वाटलं. पण मग कारण सांगावं लागलं असतं. मी पिशवी शेजारी ठेवली आणि तिकीट पिशवीखाली. गाडी निघाली.

पळस्प्याला गाडी गोव्याच्या रस्त्याला लागते. तिथून शिरढोण, आणि मग कर्नाळ्याचं रान. सगळा मिळून फार लांबचा पल्ला नाही, पण आमची गाडी प्रत्येक झाडाला थांबत होती. कुमुदचा सराव जोरात होता. तिने खिडकीची दांडी बराच वेळ हाताळली. मग पलीकडच्या बाकावरच्या एका गृहस्थांच्या कानाकडे लक्ष लावलं. आधी त्यांनी कान झाकला, मग जागा बदलली. मी पळस पाहत होते. वर्गातल्या लोकांना सांगायला म्हणून नाही, खरोखरच. शेवटची फुलं होती, पानं अजून यायची होती.

कर्नाळ्याच्या चढाच्या आधी टायर बसला.

सगळे खाली उतरलो. ड्रायव्हरने शिव्या देत जॅक काढला. बायका एका आंब्याखाली बसल्या, पुरुष इकडेतिकडे रानात पांगले. झाडावर तांबट पक्षी टुक टुक करत होता, जसा काही तोच टायर ठोकतोय. कुमुदने आणि मी एक कैरी फोडून मिठाशी खाल्ली. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सावकाश खाल्ली. आंबट होती. एवढंच. पण आंबट आहे हे मला कळत होतं, आणि भाद्रपदापासून चवीचं असं काही कळलं नव्हतं, म्हणून मी आणखी एक फोड घेतली.

चाक बदलून झालं. सगळे आत चढले. कंडक्टरने पुढून मागे डोकी मोजली, मग मागून पुढे मोजली.

“एक शीट कमी हाय,” तो म्हणाला. मग माझ्या शेजारच्या पिशवीकडे त्याची नजर गेली. “मावशी, तुमचं मालक कुटं हायत?”

सगळ्या गाडीने माझ्याकडे पाहिलं. मी टिकली लावायचं सोडलं नव्हतं, यांना रिकामं कपाळ आवडायचं नाही, आणि गळा पदराखाली होता. लोकांना कळायला काही मार्ग नव्हता. मी “हे ना…” म्हटलं आणि सवयीने कुमुदकडे पाहिलं.

कुमुद उठून उभी राहिली. ओठ घट्ट मिटलेले. सूर्य मावळायला अख्खा दिवस होता. तिने बोट वर केलं, आकाशाकडे.

“टपावर हायत,” मागून कुणीतरी म्हणालं.

दोघे जण शिडीने वर चढले. वर कोंबड्यांची टोपली आणि एक सायकल होती. त्यांनी सायकलसुद्धा उचलून खाली पाहिलं. कुमुदने जोरजोरात मान हलवली, हात जोडले आणि डोळे मिटले. ड्रायव्हर म्हणाला, मागच्या वळणावर मारुतीचं देऊळ आहे, दर्शनाला गेले असणार. एक माणूस तिकडे धावला. कुमुदने कपाळावर हात मारून घेतला. माझ्यामागे एक बाई बसली होती, पनवेलच्या बाजारात मासळी विकून रिकामी टोपली घेऊन परत चाललेली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, तुमच्या बहिणीला लईच लागलंय बाय, तिला आदी पानी द्या.

ड्रायव्हरला घाई होती. हॉर्न देऊन निघू, ते मागच्या गाडीने येतील, असं त्याचं म्हणणं. कंडक्टर ऐकेना. एकदा त्याच्या गाडीचा एक म्हातारा नदीकाठी राहून गेला होता, तेव्हा त्याला वरून विचारणा झाली होती आणि घरून शिव्या बसल्या होत्या. तिकीट फाडलंय, माणूस टाकून नाय जायचा, एवढं एकच तो म्हणत राहिला.

मग दुबईहून सुट्टीवर आलेले एक चाचा उठले. आपट्याचेच. चांगला इस्त्रीचा शर्ट, हातात परदेशी बॅटरी, भर दिवसा. “फिकीर नका करू भाभी, आम्ही शोधून आणतो,” म्हणाले आणि सकाळच्या उन्हात बॅटरी पेटवून करवंदीच्या जाळीत शिरले. त्यांच्या मागून आणखी सात-आठ पुरुष. ज्यांच्या कानाकडे कुमुदने पाहिलं होतं तेही गेले.

मी खिडकीतून पाहत बसले. आता तुम्ही म्हणाल, एवढं होईपर्यंत ही गप्प का बसली. एक तर शब्द येत नव्हता. तोंड उघडत होतं, पण त्यात काही नव्हतं. आणि दुसरं सांगते. तेरावा झाल्यापासून यांचा विषय कुणी काढत नव्हतं. माझ्यासमोर काढू नये म्हणून, मला माहीत आहे. पण कुठल्याच घरात, कुठल्याच तोंडी हे नव्हते. आणि आज अनोळखी माणसं काट्यांत शिरून यांना शोधत होती. एक जण ओढ्यात उतरला होता. एक जण झाडावर चढून लांब पाहत होता. मला ते थोडा वेळ चालू द्यावंसं वाटलं.

चाचा शर्टाला काटे लावून परत आले. “हाक काय मारायची, तेच कळत नाही,” म्हणाले. “ओ भाईसाब, ओ भाईसाब केलं, तर आपलेच सगळे ओ देतात. साहेबांचं नाव काय, भाभी?”

आता ही आणखी पंचाईत. आमच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. रेशनच्या दुकानातसुद्धा मी शेजारच्या मुलीला पुढे करायची. यांच्या आयुष्यात मी यांचं नाव घेतलं असेल ते लग्नाच्या मांडवात आणि डोहाळजेवणात, तेही चारचौघींनी दार अडवून धरलं म्हणून. कंडक्टरने कुमुदला विचारलं. तिने जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर हात धरला, मग तीन पावलं टाकून दाखवली, मग एक पाय हळूच कुणाच्या तरी डोक्यावर ठेवल्यासारखा केला. खरं तर याहून नीट कुणी दाखवलं नसतं. पण गाडीतल्या लोकांनी त्यावरून हे बुटके आहेत आणि लंगडतात, असा निष्कर्ष काढला.

“नाव घ्यायला लाजतीय ती,” टोपलीवाली म्हणाली. “अगं बाय, उखान्यात घे. मानूस रानात हाय, आता कसली लाज?”

मग सगळ्याच बायका सुरू झाल्या. घ्या, घ्या. ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला. कुमुद माझ्याकडे पाहत होती, आणि मला दिसलं की तिचे ओठ हलायला लागले आहेत. ती मौन मोडणार होती. माझा शब्द माझ्याऐवजी तीच म्हणणार होती, नेहमीसारखी. मी हात वर करून तिला थांबवलं. का, ते नीट सांगता येणार नाही.

मी उठले. बाकाची दांडी धरली. जुने उखाणे सौभाग्याचे असतात, त्यातला एकही म्हणण्यासारखा नव्हता. समोर जे दिसत होतं तेच जोडलं.

“कर्नाळ्याच्या रानात लालेलाल पळस, वामनरावांचं नाव घ्यायला कसला आलाय आळस.”

उखाणा काही धड नव्हता. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचा पायरीवर उभे राहिले, तोंडाशी हात धरले आणि ओरडले, “वामनराऽऽव.” मग कंडक्टरने हाक मारली. मग ड्रायव्हरने, मग बायकांनी. अख्खी एसटी माझ्या नवऱ्याच्या नावाने रानाकडे तोंड करून ओरडत होती. कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्यावर आवाज आपटून परत येत होता, जरा उशिराने, जरा बारीक होऊन.

मग सगळे ऐकायला थांबले. मीही ऐकलं. तांबट गप्प झाला होता. त्या पुस्तकात जे लिहिलं होतं, की बाकीचं सगळं सोडून एकाच गोष्टीकडे लक्ष द्यायचं, ते मला तेव्हा जमलं. लांबवर एक कोकीळ ओरडला. दुसरं काही नाही.

“ते यायचे नाहीत,” मी म्हटलं. “वारले ते. भाद्रपदात.”

चाचांनी बॅटरी बंद केली. देवळाकडे धावलेला माणूस नेमका तेव्हाच धापा टाकत परत आला आणि म्हणाला, देवळात नाहीत, पण पुजाऱ्याला सांगून ठेवलंय.

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या तिकिटांच्या पेटीकडे. त्याचं डोकं बराच वेळ चाललं होतं.

“म्हंजी सगळी आलीत,” तो म्हणाला. आणि दोनदा घंटी मारली.

कुणी रागावलं नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. टोपलीवाली घाट संपेपर्यंत मागून बोलत होती, की आदी सांगायचं ना बाय, आमी येड्यावानी बोंबललो. पण बोलता बोलता तिने माझ्या वेणीची पिन घसरली होती ती नीट लावून दिली. तारा गावाला बरीच माणसं चढली, उभं राहायला जागा नव्हती. एक जण माझी पिशवी उचलून बसायला लागला. कंडक्टरने त्याला मागूनच सांगितलं, ती शीट भरलीया. त्या माणसाने रिकाम्या बाकाकडे पाहिलं, कंडक्टरकडे पाहिलं, आणि उभा राहिला. आपटा येईपर्यंत तिथे कुणी बसलं नाही.

आता आपट्याबद्दल. गाव पाताळगंगेच्या काठी आहे. चैत्रात पाणी कमी असतं, दगडावर बसून पाय सोडता येतात, पण मधल्या डोहात उतरू नका, खोली कळत नाही. घाटावर सावलीला मोठी झाडं आहेत. चहाचं दुकान स्टँडपाशी एकच होतं, आता जास्त असतील. आम्ही घावन आणि डाळ तिथेच काठावर खाल्ली. शांतता फार सुंदर असेल, अशी माझी कल्पना होती.

पण बातमी आमच्या आधी पोचली होती. गाडीतली माणसं गावात विखुरली आणि प्रत्येकाने जेवढं ऐकलं होतं तेवढं सांगितलं. कपडे धुणाऱ्या एका बाईने विचारलं, तुमचे मालक डोहात बुडाले ते सापडले का. मी म्हटलं, बुडाले नाहीत, वारले, भाद्रपदात, पनवेलला. ती बरं म्हणून गेली. मग दोन पोहणारे तरुण आले. त्यांनाही सांगितलं. एक पोलीसपाटील आले, त्यांना जरा सविस्तर सांगावं लागलं. चाचांच्या घरून त्यांची बायको सब्जाचं सरबत घेऊन आली. तीन पेले. तिला अर्धीच गोष्ट कळली होती. मी तिलाही सांगितलं. ती माझ्याजवळ बसली, तिसरा पेला स्वतः प्यायली आणि विचारलं, “कैसे थे?”

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, की घरी येताना कोपऱ्यावरूनच शिट्टी वाजवायचे, मी भात उतरवावा म्हणून. की चहा बशीत ओतून प्यायचे आणि बशी डगमगली की तिलाच रागवायचे. की दुसऱ्यांची पत्रं वेळेवर पोचावीत म्हणून सणालाही जायचे, आणि स्वतःच्या आईला पत्र लिहायला महिना लावायचे. कुमुद बाजूला बसून ऐकत होती, मध्येच मान हलवत होती, एका ठिकाणी हसली. दुपार कशी गेली कळलं नाही. लक्ष देऊन गेली की न देता, तेही सांगता येत नाही.

परतीच्या गाडीला मी दोनच तिकिटं मागितली. कंडक्टर दुसरा होता, त्याला काहीच माहीत नव्हतं.

पळस्प्याला सूर्य मावळला आणि कुमुद बोलायला लागली ती घरापर्यंत थांबली नाही. ड्रायव्हरने जॅक चुकीच्या जागी लावला होता. घावन जाड झाले होते. तीन पावलं आणि बळीच्या डोक्यावर पाय, इतकं स्वच्छ वामन कुणाला कळू नये म्हणजे काय. शेवटी घराचं कुलूप काढताना म्हणाली, “सुमे, मी बोलणार होते हां तिथे.” मी म्हटलं, माहीत आहे.

पुढच्या वर्गाला कुमुद मलाही घेऊन गेली, तेव्हा मास्तरांनी विचारलं, काय अनुभव आला. कुमुदने सांगितलं की मौन पाळणं सोपं आहे, मौन पाळणाऱ्याबरोबर प्रवास करणं अवघड. मला विचारलं तर मी एवढंच म्हणाले, की कैरी आंबट लागली. त्यांना ते उत्तर फार खोल वाटलं.

असल्या सहलीने दुःख जातं का, असं कुणी विचारलं तर नाही जात. त्यासाठी आपट्याला जाऊ नका. नदीसाठी जा. माझ्यापुरतं इतकंच झालं की ते वाक्य माझं मला म्हणता येऊ लागलं, आणि नाव घेण्याचीही सवय लागली. सकाळी दूध तापवून झालं की मी गॅलरीत जाते आणि एकदा नावाने हाक मारते. पहिल्यांदा मारली तेव्हा फार हळू मारली, गल्ली उठलेली होती, लोक काय म्हणतील असं वाटलं. मग उगाच कठड्याला टेकून थांबले.

फळीच्या पलीकडून कुमुदचा आवाज आला, “अगं, जरा मोठ्याने मार. भावोजींना उजव्या कानाने कमी ऐकू यायचं.”